कबायाची उजवी बाजू

अंगठा अडला. किम चूला ते लगेच उमगलं नाही, कारण खाली रस्त्यावर कुणाच्या तरी मोटारीचा भोंगा आपोआप वाजायला लागला होता आणि तो कधी थांबतो याची ती वाट बघत होती. हात आपला सवयीनं कापडावरून फिरत होता, वरून खाली, गळ्यापासून कमरेच्या गोलाईपर्यंत. भोंगा थांबला. मग तिला कळलं की अंगठा मघापासून एकाच जागी उभा आहे. फिकट गुलाबी व्हॉइलचं झिरझिरीत कापड, त्यावर जरा गडद धाग्यात भरलेली बोटभर पाकळी, आणि पाकळीच्या कडेला, कापड धाग्याला भेटतं तिथं, काहीतरी वर आलेलं. वर आलेलं म्हणणंही जास्तच. समोरून बघितलं तर काही नाही. तिनं कापड खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, आणि उजेड त्याच्यावरून घसरत गेला तेव्हा दिसलं: पाकळीभोवती चुण्या होत्या. ओहोटीला वाळूवर राहतात तशा, बारीक, एकीमागे एक. तिनं कापड खाली ठेवलं आणि चहाचा कप विसळून आली. कप स्वच्छच होता.

कापड तुआ-चीचं होतं. तुआ-ची म्हणजे थोरली बहीण, किम ल्वान, गेल्या महिन्यात गेलेली. जायच्या आधी तिनं स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या कबायाची, म्हणजे वरून घालायच्या भरतकामाच्या पातळ झग्याची, डावी बाजू पुरी करून, निळ्या पातळ कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होती. गुंडाळताना किम चू तिथंच होती. "बघू?" असं ती म्हणालीही होती. "बघशील की, उजवी करायला घेशील तेव्हा," तुआ-ची म्हणाली होती आणि कागदाची घडी हाताच्या तळव्यानं दाबली होती. तळव्यानं, बोटांनी नाही. हे आत्ता आठवलं. आठवणींचं हे एक वाईट असतं, त्या आपल्या सोयीनं येतात आणि आल्यावर बसायला जागा मागतात.

दोघींना आईनं एकाच दिवशी मशीनवर बसवलं होतं. मशीनचा फूट काढून टाकायचा, खालचे दाते पाडायचे, म्हणजे कापड पुढं सरकवायला मशीनचा काही अधिकार राहत नाही; सगळं भरतकामाच्या रिंगेतल्या कापडाला हात नेतील तसं. पाय पायट्यावर, हात रिंगेवर, आणि दोघांचा वेग एक. पाय पुढं गेला तर टाके गच्च बसतात, हात पुढं गेला तर पांगतात. आई मागं उभी राहून रिंगेतल्या कापडावर नख मारायची. टप्प असा आवाज आला पाहिजे. आवाज बोदा आला की पुन्हा रिंग कसायची. फार कसलं तरी टपली, कारण फार ताणलेलं कापड रिंगेत गप्प बसतं आणि रिंग काढली की झालेला अन्याय बोलून दाखवतं. "टाका कापडावर पाहुण्यासारखा बसला पाहिजे," आई म्हणायची, "घर लिहून घेतल्यासारखा नाही." आईला बोलायला फार आवडायचं. शिवायला तेवढं नाही.

आणि आईचाच तो नियम होता, की नवरीचा कबाया एका हाताचा नको. संसार दोघांचा, तर कपडाही दोन हातांचा. पुढून उघडा असतो तो, तीन ब्रोच लावून मिटायचा, आणि दोन्ही बाजूंची नक्षी आरशात बघितल्यासारखी समोरासमोर यायला हवी. डावी थोरलीनं करायची, उजवी धाकटीनं, आणि कुणाची कुठली हे बाहेर सांगायचं नाही. "आणि बघणारीला आपण होऊन कळलं," आई म्हणायची, "तर दोघींनी वाईट शिवलं असं मी धरणार." खरं म्हणजे आईला दोघींची भांडणं नको होती, एवढंच, किम चूला हे पन्नाशीत कळलं. पण तोवर नियम मुरला होता. पिनांगातल्या कितीतरी नवऱ्या दोन बहिणींचे हात अंगावर घेऊन सासरच्यांना लग्नाच्या रिवाजाचा चहा देऊन गेल्या, आणि त्यांच्या सासरच्या म्हाताऱ्यांनी कबायाचा काठ उलटा करून, चष्मा वर करून, आतली बाजू तपासली, तशी त्या सगळ्यांचीच तपासतात, आणि कुणाला कधी काही सापडलं नाही.

तिनं पुन्हा कापड उचललं. या वेळी अंगठा मुद्दाम फिरवला. गळ्याजवळची फुलं निर्दोष. छातीपाशी फिनिक्सचं डोकं, मान, पंख, तेही. पंखाच्या खाली, शेपटी सुरू होते तिथं पहिली चुणी. मग शेपटीच्या पिसापिसाला एकेक, आणि कमरेपाशी, शेवटच्या पाकळ्यांना, मघाशी अंगठा अडला होता तो सगळा ओहोटीचा पसारा. तुआ-ची नेहमी वरून खाली शिवायची. म्हणजे वरचा भाग नववर्षाच्या सुमाराचा आणि खालचा तिला जेवण जाईना तेव्हाचा. टाके मात्र कुठंच बिघडले नव्हते. सारख्या लांबीचे, एकमेकांना चिकटून, आतली बाजू बाहेरच्यासारखीच. फक्त त्यांच्याखालचं कापड ढिलं पडत गेलं होतं. खांद्यात वारा भरलाय, असं ती तेव्हा म्हणायची. डॉक्टरनं हाडांचं नाव घेतलं तेव्हाही ती म्हणाली, "असेल, वारा हाडातपण जातो."

या खोलीत दोन मशिनी पाठीला पाठ लावून होत्या, एक गॅलरीच्या उजेडाला, एक स्वयंपाकघराच्या. एवढी वर्षं दोघी एकमेकींना ऐकतच शिवत आल्या. त्यामुळं किम चूनं ऐकलं होतं, हे तिला आता नाकारता येईना. नखाचा टप्प आवाज गेल्या काही महिन्यांत आधी बोदा झाला होता, मग बंदच. तिला वाटलं होतं, तुआ-चीला आता नख मारायची गरज उरली नाही. एवढा हात बसला की माणूस कशाला तपासेल? तिला थोडा हेवासुद्धा वाटला होता.

दुपारी हुई शान आली. दंडावर सुतकाची टाचलेली पट्टी, हातात दोऱ्यानं बांधलेल्या पिशवीतली काळी कॉफी. आईच्या मृत्यूनंतर शंभर दिवसांच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. मुलाकडच्यांना तीन वर्षं थांबायचं नव्हतं, आणि हुई शानलाही नव्हतं, ती तसं बोलली नाही एवढंच.

"जी-ई, जेवलीस?" दुसऱ्या मावशीला जी-ई म्हणतात. उत्तराची वाट न बघता ती झाकणं उघडून बघायला लागली. "हे कालचं आहे."

"कालचंच चांगलं लागतं."

"आई पण हेच म्हणायची आणि मग परवाचं खायची." तिनं कापडाकडं बघितलं. "सुरू नाही केलंस?"

"करते."

"जी-ई, रागावू नकोस हं. ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं, बाजाराच्या वरच्या मजल्यावर एकजण संगणकाच्या मशीनवर करून देतो. डाव्या बाजूचा फोटो काढायचा, उलटा करायचा, की उजवी तयार. तासाभरात. तुझे डोळे, तुझी कंबर..."

"माझ्या कमरेला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच म्हणते."

किम चूला नाही म्हणता आलं असतं. पण तिच्या मनात एक लबाड विचार आला, की यंत्राला तरी या चुण्या दिसतात का बघू. नाही दिसल्या तर आपल्यालाच भास होतोय. म्हणून ती पायात चपला सरकवून निघाली.

दुकानात थंडी होती आणि बारा सुयांची मशीन एकटीच, कुणी न बघता, कुठल्याशा शाळेची बोधचिन्हं शिवत होती. सुई थांबत नव्हती, चुकत नव्हती, चौकट स्वतःच इकडून तिकडं पळत होती. ते बघायला छानच वाटलं, तिनं मनात मान्य केलं. फक्त कुणाच्या तरी घरात घरमालक नसताना शिरल्यासारखं वाटत राहिलं. दुकानदार तरुण, गोड बोलणारा. त्यानं तिला आपलं काम दाखवलं. हाताला एकदम सपाट. मागं जाड कागदी अस्तर चिकटवलेलं, त्यामुळं कापडाला चुणी पडायची परवानगीच नाही. तिनं तुकडा हवेत धरून सोडला. तो पडला नाही, उतरला. ताठ, जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या पंख्यासारखा.

"आंटी, असं काम हातानं होतच नाही," तो म्हणाला. मग त्यानं डावी बाजू काचेवर पसरली, पडद्यावर फिनिक्स मोठा झाला, आणि तो भुवया गोळा करून पुढं वाकला. "याची नक्कल नको काढायला. हे खराब आहे खाली. बघा ना, ओढलंय कापड. मी दोन्ही नव्यानं करून देतो, एकदम साफ."

म्हणजे दिसत होतं.

"कुठं खराब आहे?" हुई शाननं विचारलं. त्यानं बोटानं दाखवलं. तिनं वाकून बघितलं. मग तिनं दंडावरची पट्टी नीट केली, ती नीटच होती, आणि म्हणाली, "अच्छा."

जिना उतरताना ती बोलायला लागली. "दोन्ही नवीन करून घेऊ, जी-ई."

"हे तुझ्या आईनं शिवलंय."

"म्हणूनच. त्या सगळ्या म्हाताऱ्या येणार. काठ उलटा करून बघणार. माझ्या आईनं शेवटचं काय शिवलं, तर हे? तिचं आयुष्यभराचं नाव त्या चहाच्या कपाबरोबर पिऊन टाकतील." तिचा आवाज जिन्यात घुमला तसा तिनं तो कमी केला. "नाहीतर एवढं उसव. खालचं तेवढं उसवून तू भर."

"व्हॉइल उसवलं की भोकं राहतात. ती मिटत नाहीत."

"मग?"

"मी उजवी चांगली केली तर डावी उघडी पडते. कुठली कुणाची ते कळतं."

"तेच तर म्हणतेय मी."

"दोन्हीकडं तसंच असलं तर नाही कळत."

हुई शान पायरीवर थांबली. "म्हणजे तू मुद्दाम वाईट शिवणार? माझ्या लग्नाचा?"

किम चूला हे असं उघडं शब्दांत नको होतं. "वाईट नाही. सारखं," ती म्हणाली.

"मग लोक म्हणतील, दोघींनाही येत नाही."

"म्हणू देत. पण कुणाला येत नाही ते नाही सांगता येणार."

"आई असती तर तिनं तुला वेड्यात काढलं असतं."

"काढायचीच की. रोज."

हुई शान हसली नाही. रस्त्यावर आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "तू बघ काय ते," आणि कपड्याची पिशवी तिच्या हातात दिली. देताना पिशवीखाली तळहात धरला होता, पाण्यानं भरलेलं काही देतात तसा.

आणि मग किम चूला तसं शिवता येईना. हे तिनं धरलंच नव्हतं. चाळीस वर्षं चुणी पडू नये म्हणून जे काही करत आली ते न करणं म्हणजे काय, आळसासारखं सोपं असेल, असं तिला वाटलं होतं. तिनं चिंधीवर पाकळी काढली, रिंग जराशी ढिली ठेवली आणि भरली. पाकळी सपाट आली. तिच्या बोटांनी तिला न विचारता दोन्ही बाजूंनी कापड ताणून धरलं होतं. तिनं रिंग आणखी ढिली केली. आता चुण्या आल्या, पण त्या पहिल्या आठवड्यातल्या पोरीच्या, झालरीसारख्या, आणि टाकेही पांगले. तुआ-चीचे टाके पांगले नव्हते. धाग्याचा ताण वाढवून बघितला, तर खालचा धागा वर यायला लागला. ते तर अडाणीपणाचं झालं. तुआ-चीनं मरणाच्या दारातही खालचा धागा वर दिसू दिला नसता. चिंध्या साचत गेल्या. निगुतीनं बिघडवलेलं, पण चुकीचं बिघडलेलं. तिला हसू आलं. एवढी वर्षं लोक तिला विचारत, एवढं साफ कसं येतं हो, आणि ती म्हणायची, सवय. आता तीच सवय दारात आडवी झोपली होती आणि उठायला तयार नव्हती.

मग एके सकाळी ती उठून तुआ-चीच्या मशीनवर जाऊन बसली. कारण काही नाही, तिकडं ऊन आलं होतं. खुर्ची उंच वाटली, पायटा थोडा लांब. रिंगेचा स्क्रू कसायला दोन बोटं लावली आणि थांबली. तळव्यानं, तिला आठवलं; कागदाची घडी तुआ-चीनं तळव्यानं दाबली होती. तिनं जुन्या मलमलीची पट्टी काढली आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं एकत्र गुंडाळून टाकली. आता स्क्रू चिमटीत धरता येईना. तळवा टेकवून फिरवला, तो अर्धा फिरला आणि पुढं सरकेना. कापड जेवढं ताणलं जायचं तेवढंच ताणलं गेलं. तिनं शिवायला घेतलं. ढिलं कापड सुईबरोबर वर यायला लागलं आणि टाका सुटायला लागला. तो सुटू नये म्हणून एकच उपाय, डाव्या हाताचं बोट सुईच्या अगदी जवळ टेकवून कापड दाबून धरायचं. पाय अगदी हळू. एक टाका, दाब, एक टाका, दाब. सुई तिसऱ्या पाकळीलाच बोटात गेली. फार नाही, टोकावर. रक्ताचा ठिपका कापडाला लागायच्या आत तिनं हात झटकन बाजूला घेतला, आणि बोट तोंडात धरून बसून राहिली. त्या महिन्यांत तुआ-चीच्या डाव्या बोटांना कायम चिकटपट्ट्या असायच्या. कोळंबी सोलताना काटा जातो म्हणायची. कोळंबी तर घरात किम चूच सोलत होती.

खाली शाळा सुटल्याचा गलका झाला आणि विरला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण त्याऐवजी आलं ते कुतूहल. बाई, एवढं सगळं करून तू एक पाकळी भरत होतीस, आणि मी पाठीमागं बसून विचारत होते, दुपारी भात टाकू का शेवया. आणि तू सांगत होतीस, शेवया.

चिंधी तिनं तिरपी धरून बघितली. ओहोटी होती.

उजवी बाजू तिनं वरून खाली केली. गळा आणि पंख आपल्या मशीनवर, उघड्या बोटांनी, अंगठा कुठं अडणार नाही असे. शेपटीपासून पलीकडं तुआ-चीच्या मशीनवर जाऊन बसायची आणि पट्टी गुंडाळायची. कमरेपर्यंत पट्टी आणखी जाड करत गेली. डाव्या हाताची बोटं भोसकली जात होती, ते तिला त्रासदायक वाटलं, थोर वगैरे काही वाटलं नाही. नक्षीतली जाळीची भोकं कातरताना मात्र पट्टी काढली. ती तुआ-चीचीही सफाईदार होती, कात्री तिच्या मुठीत मावायची. शेवटी दोन्ही बाजू टॉवेलवर उपड्या घालून इस्त्री केली. पूर्वी ती इस्त्रीनंतर समाधानानं मागं सरकून बघायची. या वेळी तिनं फक्त अंगठा फिरवला, एकदा डावीवरून, एकदा उजवीवरून, डोळे मिटून. मग हात बदलून. मग कुठली कुठली ते विसरून.

लग्नाच्या सकाळी हुई शानच्या दंडावरची पट्टी एका दिवसापुरती उतरवून देव्हाऱ्यापाशी ठेवली. गुलाबी कबायात ती गुडघ्यावर बसून एकेका वडीलधाऱ्याला चहा देत होती. तीन ब्रोच, पहिला तिच्या आईचा. किम चूनं तिच्याकडं लांबून बघितलं. ती वाकली की कापड तिच्याबरोबर वाकत होतं, उठली की उठत होतं, आणि कमरेपाशी दोन्हीकडं उजेड जरासा थरथरत होता. कबाया चढवल्यावर हुई शान आरशासमोर दोन्ही हात दोन्ही बाजूंवर ठेवून उभी राहिली होती, आणि बाहेरून हाक येईपर्यंत हलली नव्हती.

चहा पिऊन झाल्यावर सगळ्यांत म्हाताऱ्या आत्येआजीनं, को-पोनं, अपेक्षेप्रमाणे चष्मा वर केला. "ये गं, इकडं ये, हलू नकोस." तिनं डावा काठ उलटा केला. मग उजवा. मग पुन्हा डावा. अंगठा फिरवला. हुई शान समोरच्या भिंतीकडं बघत होती. को-पोच्या मागं आणखी दोघीजणी वाकल्या.

"किम चू!"

"आले, को-पो."

"हे ओढलंय."

"हो, ओढलंय."

"इकडं पण."

"हो."

को-पोनं दोन्ही काठ एकत्र धरून पारखले. तिची नजर अजून चांगली होती आणि जीभ तर फारच. ती एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिली, काहीतरी शोधत, आणि ते तिला मिळेना. शेवटी तिनं काठ सोडून दिले. "म्हणजे दोघींचा हात एकदमच गेला म्हणायचा."

"शिकलोही एकदमच होतो," किम चू म्हणाली.

को-पो हळहळली. तिनं किम चूची बोटं हातात घेतली, उलटी करून त्यांच्या टोकांकडं बघितलं, आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "वय झालं गं तुमचं. माझ्या नातीचा तुझ्याकडंच टाकणार होते मी, पुढच्या सालात. आता काय करू? राग मानू नकोस हो."

"राग कसला."

"मग सांग ना कुणीतरी. हल्ली ते मशीनवर करतात म्हणे."

हुई शाननं भिंतीवरून नजर काढून मावशीकडं बघितलं. किम चूनं चहाचा ट्रे तिच्या हातून घेतला, बाजूला ठेवला, आणि को-पोच्या शेजारी बसून तिला नीट पत्ता सांगितला, बाजाराच्या वरचा मजला, जिन्यानं जा, डाव्या हाताला, मुलगा चांगला आहे. "फक्त अस्तर पातळ लाव म्हणावं," ती म्हणाली, "नाहीतर पोरीला वाकता येणार नाही."